हळदीच्या कॅप्सूलने डायबेटिसमध्ये रक्तवाहिन्या सुधारतात का? आईसाठी विचारतेय

नौपाड्याची_लेक:
आई 63 ची, शुगर 14 वर्षांपासून, मेटफॉर्मिन चालू आहे आणि दोन वर्षांपूर्वी हार्टमध्ये स्टेंट बसवलाय. तळपायाला मुंग्या येतात. मागच्या आठवड्यात तलावपाळीला फेऱ्या मारून आली आणि टाचेला रुपयाएवढा फोड, चपलेचा पट्टा घासत होता ते तिला कळलंच नाही, फरशीवर ओला डाग दिसला तेव्हा मी पाय बघितला. मामाने हळदीतल्या करक्युमिनच्या कॅप्सूल आणून दिल्यात, मिरीचा अर्क घातलेल्या, म्हणतो नसा मोकळ्या होतात. द्यायच्या का?

ऐरोलीकर72:
ताई, मामांचं अगदीच चुकीचं नाही. रक्तवाहिनीच्या आत पेशींचं पातळ अस्तर असतं, एंडोथेलियम, ते नायट्रिक ऑक्साइड सोडतं म्हणून नळी सैल होते, 1998 चं नोबेल ह्याच शोधाला मिळालं. शुगर कायम चढलेली राहिली की सुपरऑक्साइड, म्हणजे ऑक्सिजनचं एक त्रासदायक रूप, तयार होतं आणि ते नायट्रिक ऑक्साइड संपवून टाकतं, मग वाहिनी आवळलेली राहते. करक्युमिन इथे थोडा आधार देतं. 2008 मध्ये हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटने टाइप 2 च्या 72 पेशंटवर 8 आठवडे बघितलं होतं, अस्तराचं काम सुधारलेलं दिसलं. पण 72 च माणसं आणि दोनच महिने हो, त्यावरून फोड भरेल असं कोणी म्हणू नये.

वाशी_मसाला_मार्केट:
आमचा हळदीचाच धंदा आहे म्हणून सांगते, हळदीत करक्युमिन साधारण 3 टक्केच, आणि तेही अंगाला फार कमी लागतं. म्हणून मिरीतलं पिपरीन घालतात, त्याने रक्तात जाणारं प्रमाण सुमारे 20 पट वाढल्याचं 1998 मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं होतं. पण तेच पिपरीन बाकीच्या गोळ्यांचंही प्रमाण बदलू शकतं!! स्टेंट आहे म्हणजे रक्त पातळ करायची गोळी असणारच, करक्युमिननेही रक्त थोडं पातळ होतं, दोन्ही मिळून रक्तस्राव होऊ शकतो. अशा कॅप्सूलने लिव्हरला सूज आल्याच्याही केसेस आहेत. भाजीतली हळद बिनधास्त चालू ठेवा, कॅप्सूल मात्र हार्टवाल्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नको.

ऐरोलीकर72:
बरोबर, स्टेंटचं माझ्या लक्षातच आलं नाही. आणि ताई, मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की बी12 कमी होतं आणि त्यानेही अशाच मुंग्या येतात, ती टेस्ट करून घ्या. फोडाला मात्र थांबू नका, उद्याच दाखवा, शुगरवाल्यांचा असा फोड आतून चिघळतो आणि दुखत नाही म्हणून कळत नाही.

नौपाड्याची_लेक:
आत्ताच आईचा गोळ्यांचा डबा बघितला, क्लोपिडोग्रेल आहे आणि ॲस्पिरिनपण, दोन्ही रक्त पातळ करायच्याच गोळ्या. कॅप्सूलची बाटली कपाटात वर ठेवून दिली. सकाळी 10 ची अपॉइंटमेंट मिळालीये, बी12 चं पण विचारते, आणि रात्री तिच्या पायाखाली आरसा धरून दुसरा तळवा बघितला, तो ठीक आहे.