मदत हवी आहे : सेलवर चालणाऱ्या जुन्या स्पूल टेप रेकॉर्डरसाठी पॉवर सप्लाय कुठे मिळेल किंवा कसा बनवावा?

सर्वांना सप्रेम नमस्कार.

मी भंडारा जिल्ह्याच्या लाखांदूर तालुक्यातील एका खेड्यात राहतो आणि इथल्याच शाळेत शिकवतो. मल्टिमीटर वापरता येतो, सोल्डरिंग बऱ्यापैकी जमते, साधे सर्किट वाचता येते. परंतु जुन्या ध्वनियंत्रांचा अनुभव नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

माझे मामा झाडीपट्टीतील, म्हणजे पूर्व विदर्भातील, गावोगावी फिरून रोवणीची गाणी, जात्यावरच्या ओव्या आणि दंडार या लोकनाट्यातील पदे ध्वनिमुद्रित करीत असत. त्यांच्या पश्चात त्यांचा टेप रेकॉर्डर आणि तेवीस रिळे माझ्याकडे आली. रिळांच्या खोक्यांवर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात नोंदी आहेत. एका खोक्यावर ‘पोळा, १९७४’ आहे, तर दुसऱ्यावर ‘आई, जात्यावर, पहाटे’ असे लिहिले आहे. ही आई म्हणजे माझी आजी. तिचा आवाज घरातल्या कोणीही गेल्या चाळीस वर्षांत ऐकलेला नाही.

यंत्र खांद्याला अडकवून नेता येईल एवढे आहे. त्याच्यावर १३ सेंटिमीटर व्यासाचे रीळ बसते आणि वेग बदलण्याच्या खटक्यावर १९, ९.५, ४.७ आणि २.४ असे चार आकडे आहेत. समोरची नावाची पट्टी निघून गेली आहे. तळाशी ‘मेड इन वेस्ट जर्मनी’ एवढेच वाचता येते. सेलच्या कप्प्यात मोठ्या आकाराचे, म्हणजे आपण टॉर्चमध्ये घालतो तसे पाच सेल एकापुढे एक बसतात. बाजूला बाहेरून वीज देण्यासाठी गोल, अनेक पिनांचे सॉकेट आहे. त्याच्या शेजारची छपाई इतकी झिजली आहे की, व्होल्ट किती आणि धन टोक कोणते, यांपैकी काहीच कळत नाही. मूळ अॅडॅप्टर हरवला आहे. मामा गेल्यानंतर सामान आवरताना तो भंगारात गेला असावा.

सेल घालून थेट का चालवत नाही, असे आपण विचाराल. कप्प्यात कधीकाळी सेल फुटून पाझरले होते. एका टोकाची स्प्रिंग पार खाल्ली गेली आहे आणि दुसऱ्या टोकाच्या पत्र्यावर हिरवट-पांढरी पूड जमली आहे. शिवाय तेवीस रिळांचे काम एका बैठकीत होणारे नाही. कमी वेगावर एका रिळाची एक बाजूच दीड तास चालते, आणि एखादे गाणे पुन्हा-पुन्हा मागे घेऊन ऐकावे लागणार, हेही गृहीत धरले आहे.

मला घाई करायची नाही, याला कारण आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्या एका जुन्या कॅसेट डेकसाठी बाजारातून ‘सगळ्याला चालतो’ म्हणून मिळणारा अॅडॅप्टर आणला होता. त्यावर व्होल्ट निवडण्याची आणि धन-ऋण उलटवण्याची अशा दोन बारीक सरकपट्ट्या होत्या. दुकानदाराने त्या लावून दिल्या आणि मी तपासून न पाहता पिन घातली. दोन सेकंदांत उग्र वास आला. टोके उलट होती आणि पट्टी १२ व्होल्टवर होती. तो डेक पुन्हा बोलला नाही. त्यातल्या कॅसेट निदान दुसरीकडे वाजवता आल्या; या यंत्राला मात्र आमच्या परिसरात दुसरा जोड नाही.

माझा स्वतःचा अंदाज असा आहे. पाच सेल गुणिले दीड व्होल्ट, म्हणजे यंत्र साडेसात व्होल्टवर चालत असले पाहिजे. सेल उतरत जातात तेव्हा प्रत्येकी १.१ व्होल्टपर्यंत येतात, म्हणजे साडेपाच व्होल्टपर्यंतही ते तग धरत असावे. यावरून ६ ते ७.५ व्होल्टचा डीसी सप्लाय चालायला हरकत नाही. घरात ६ व्होल्ट असे छापलेला ट्रान्सफॉर्मरचा जुना अॅडॅप्टर आहे. पण त्याच्या टोकांवर, काहीही न जोडता, मल्टिमीटर ९.४ व्होल्ट दाखवतो. छापलेला आकडा आणि मिळणारा आकडा यांत एवढी तफावत असेल, तर त्यावर विश्वास कसा ठेवावा?

दुसरी अडचण आमच्या विजेची आहे. उन्हाळी धानाच्या दिवसांत कृषिपंप सुरू असले की घरातला व्होल्टेज १७० पर्यंत खाली येतो आणि मध्यरात्री पंप बंद झाले की २५० च्या घरात जातो. हे दोन्ही आकडे मी स्वतः मोजलेले आहेत.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. सप्लायमधून येणारे हमिंग, म्हणजे विजेचा गुणगुणाट, नंतर संगणकावर काढून टाकता येते, असे मला एका परिचिताने सांगितले. परंतु आजीच्या ओव्यांमागे जाते आहे. जात्याची घरघर खालच्या सुरातच असते, आणि हमिंगसुद्धा ५० आणि १०० हर्ट्झवर, म्हणजे त्याच पट्ट्यात येते. हमिंग गाळायला जावे तर जातेही गाळले जाईल, आणि जात्याशिवायची ओवी म्हणजे अर्धी ओवी. म्हणून सप्लाय मुळातच स्वच्छ हवा आहे.

तेव्हा माझे विचारणे असे आहे : अशा यंत्राचा मूळ अॅडॅप्टर किंवा त्याच्या सॉकेटात बसणारा प्लग अजून कुठे मिळतो का, मिळत नसल्यास घरी सप्लाय बनवताना आमच्या विजेचा चढउतार लक्षात घेऊन कोणता ट्रान्सफॉर्मर घ्यावा, आणि हल्लीचे हलके, मोबाइलच्या चार्जरसारखे स्विचिंगचे अॅडॅप्टर यासाठी योग्य आहेत की नाहीत? सुट्या भागांसाठी नागपूरला सीताबर्डीपर्यंत जाण्याची माझी तयारी आहे.

प्रतिसाद १

गुरुजी, नमस्कार. पाच मोठे सेल, १३ सेंटिमीटरचे रीळ, चार वेग आणि पश्चिम जर्मनीची बनावट, या वर्णनावरून हे यंत्र उहेर कंपनीच्या ‘रिपोर्ट’ मालिकेतील असावे. वार्ताहर आणि लोकगीतांचे अभ्यासक ती यंत्रे जगभर वापरत असत. मात्र या मालिकेच्या अनेक पिढ्या निघाल्या, त्यामुळे दुसऱ्याच्या यंत्राचा पिनांचा नकाशा पाहून आपल्या यंत्राला वीज देऊ नये. मूळ अॅडॅप्टर परदेशातील जुन्या वस्तूंच्या विक्रीत अधूनमधून दिसतो. पण त्याच्या आतील कपॅसिटरही यंत्राइतकेच म्हातारे असतात. मी आपल्या जागी असतो तर त्याच्या मागे लागलो नसतो.

सॉकेट विसरा आणि सेलच्या कप्प्यातूनच वीज द्या. तिथे धन आणि ऋण टोक कोणते, याची खूण सहसा शिल्लक असते, आणि दुर्मीळ प्लगची गरजच उरत नाही. सेलच्या मापाचे, म्हणजे साधारण ३४ मिलिमीटर जाडीचे आणि ६१ मिलिमीटर लांबीचे लाकडी ठोकळे करून घ्या, पहिल्या आणि शेवटच्या ठोकळ्याच्या तोंडाला पितळी स्क्रू बसवा आणि त्यांना तारा जोडा. त्याआधी कप्पा स्वच्छ करा. जुने साधे झिंक-कार्बन सेल पाझरले असतील तर ती घाण आम्लधर्मी असते, तिच्यावर पाण्यात कालवलेला खाण्याचा सोडा लावावा. अल्कलाइन सेल असतील तर उलट, लिंबाचा रस किंवा व्हिनेगर. मग ओल्या कापडाने पुसून पूर्ण वाळू द्या.

एक गोष्ट कृपया डोळ्यांत तेल घालून तपासा. जर्मेनियम पीएनपी ट्रान्झिस्टरच्या काळातील पुष्कळ यंत्रांत धन टोक चॅसिसला, म्हणजे यंत्राच्या धातूच्या सांगाड्याला, जोडलेले असते. ‘चॅसिस म्हणजे ऋण’ ही आपल्या हाताला लागलेली सवय तिथे घात करते. सेल काढून, मल्टिमीटरने कप्प्याचे कोणते टोक चॅसिसशी जुळते ते पाहा. आणि सप्लायचे कोणतेही टोक अर्थिंगला जोडू नका, दोन्ही मोकळी ठेवा.

आता सप्लाय. आपल्या अॅडॅप्टरवर ६ छापलेले असून ९.४ दिसतात, कारण त्यात रेग्युलेटर, म्हणजे व्होल्ट स्थिर ठेवणारा भाग, नाही. छापलेला आकडा ठरावीक भार असतानाचा असतो. एलएम३१७ हा रेग्युलेटर घ्या. त्याला २४० ओहम आणि १.२ किलोओहम हे दोन रेझिस्टर लावले की बरोबर ७.५ व्होल्ट मिळतात. त्याला पुढे देण्यापेक्षा सुमारे तीन व्होल्ट जास्त आत लागतात, आणि इथेच आपली वीज आडवी येते. ९ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर १७० व्होल्टवर, डायोडनंतर, जेमतेम ८ व्होल्ट देईल. रेग्युलेटर हात टेकेल आणि हमिंग सुरू होईल. १२ व्होल्टचा, १ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर घ्या. तो १७० वरसुद्धा ११ व्होल्ट देतो. २५० वर हाच आकडा १७ होतो, म्हणून फिल्टरचा कपॅसिटर ४७०० मायक्रोफॅरडचा आणि ३५ व्होल्टचा घ्या, आणि रेग्युलेटरला ॲल्युमिनियमचा हीटसिंक लावा. ३०० मिलिअँपिअरवर जवळपास तीन वॅट उष्णता त्याला सोसावी लागेल. रेग्युलेटरची पाठ त्याच्या आउटपुटला जोडलेली असते, हे लक्षात ठेवून मध्ये अभ्रकाचा तुकडा ठेवावा.

स्विचिंगचा अॅडॅप्टर या कामासाठी मला पसंत नाही. टेपच्या हेडमधून येणारा संकेत जेमतेम मिलिव्होल्टच्या आसपास असतो, आणि स्वस्त स्विचिंग सप्लायची किरकिर तिथवर सहज पोहोचते.

तरीही पहिली चाचणी नव्या सेलवरच घ्या. सेलइतका स्वच्छ सप्लाय दुसरा नाही. एका तारेत मोटारसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, १० वॅटचा बल्ब घाला. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पेटेल आणि यंत्र वाचेल. बल्ब विझलेला राहून रीळ फिरले तर पुढे जा. त्या वेळी मामांचे रीळ लावू नये, रिकामेच फिरवावे.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

आपण इतक्या बारकाईने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे क्रमाने केले, ते इथे नोंदवतो.

सोड्याच्या पाण्याने कप्पा स्वच्छ झाला. पूड निघाल्यावर आतील पत्र्यावर धनाची खूण दिसली. मल्टिमीटर लावला तेव्हा चॅसिसशी जुळणारे टोक धनच निघाले. आपण सावध केले नसते तर मी तार नेमकी उलट लावली असती.

आमच्या गावच्या सुताराने सागवानाच्या तुकड्यातून पाच ठोकळे कातून दिले. मामांचे यंत्र म्हटल्यावर त्यांनी मजुरी घेतली नाही. त्यांच्या वडिलांनी दंडारीत वाजवलेली ढोलकी यातल्याच एखाद्या रिळात असेल, असे ते म्हणाले. खराब स्प्रिंगच्या जागी टॉर्चची स्प्रिंग बसवली. प्रथम खरे सेल घातले. बल्ब क्षणभर लाल झाला आणि लगेच विझला, मग रीळ फिरू लागले. वाजवताना यंत्र १३० मिलिअँपिअर घेते आणि वेगाने मागे फिरवताना २०० च्या थोडे वर. नंतर १२ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर सप्लाय बनवला. पंप सुरू असताना, १७४ व्होल्टवर, पुढे ७.४८ व्होल्ट मिळाले आणि पंप बंद झाल्यावरही तो आकडा हलला नाही.

सप्लायचा डबा यंत्राला खेटून ठेवला होता तेव्हा मात्र हमिंग येत होते. डबा तीन हात लांब नेला आणि ते थांबले. ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र हेडमध्ये शिरत असणार. ज्यांना असाच अनुभव येईल त्यांनी कपॅसिटर बदलण्यापूर्वी तार लांब करून पाहावी.

काल पहाटे ‘आई, जात्यावर’ हे रीळ लावले. आधी जाते ऐकू आले, नंतर बांगड्या, आणि मग आजी.

आता एकच अडचण उरली आहे. लॅपटॉपवर मुद्रण करताना त्याचा चार्जर लावलेला असला की बारीक हमिंग पुन्हा येते आणि चार्जर काढताच नाहीसे होते. माझ्या लॅपटॉपची बॅटरी पाऊण तासच टिकते, रीळ तर दीड तासाचे आहे. यंत्र आणि लॅपटॉप यांच्यामध्ये दोघांतील विजेचा थेट जोड तोडणारा, एकास-एक प्रमाणाचा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर बसवल्यास हे सुटेल, असे मला वाटते. तो ६०० ओहमचा घ्यावा की १० किलोओहमचा, आणि त्याने खालचे सूर, म्हणजे जात्याचा आवाज, दबणार तर नाही ना, एवढे कृपया कोणी अनुभवावरून सांगावे. तोपर्यंत बाकीची बावीस रिळे मी खोक्यातच ठेवली आहेत.