सूड नंतरचा, आधी सोबत

मेरी शेलीची 'फ्रँकेन्स्टाइन' (१८१८) ही कादंबरी म्हणजे निव्वळ भयकथा, हे मत मला अजिबात पटत नाही. त्यातल्या राक्षसाला आधी हवी असते ती सोबत, सूड नंतर येतो. फ्रँकेन्स्टाइन नावाच्या माणसाने घडवलेला तो राक्षस भिंतीच्या फटीतून एका गरीब कुटुंबाला महिनोन्‌महिने न्याहाळतो, रात्री गुपचूप त्यांच्यासाठी सरपण आणून ठेवतो. मग धीर करून घरात एकट्या असलेल्या आंधळ्या म्हाताऱ्यासमोर जाऊन बसतो. म्हातारा मायेने बोलतो, कारण त्याला तो चेहरा दिसतच नाही! तेवढ्यात म्हाताऱ्याचा मुलगा येतो आणि राक्षसाला काठीने झोडपून काढतो. पुढे निर्मात्याकडे तो मागतो काय, तर फक्त एक जोडीदारीण.

रशियन लेखक चेखव्हच्या एका कथेतला घोडागाडीवाला आयोनाही तसाच एकटा. मुलगा गेल्याचं दुःख कुणी ऐकत नाही, शेवटी घोडीला सांगतो. आमच्या ठाण्यात तलावपाळीवर अनोळखी माणसाशी आपणहून बोलू लागणारे आजोबा भेटतात. ही कथा वाचल्यापासून मी त्यांचं बोलणं मध्येच तोडून उठत नाही.