शेफिल्डच्या माळावर माउंटन बाइक: आजोबांनी अडवलं, आता कुठून जाऊ?

चिंचवडचा_पेडल

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत चिंचवडहून इंग्लंडमधल्या शेफिल्डला आलोय, दोन वर्षांचं काम आहे. आल्या आल्या एक जुनी हार्डटेल (फक्त पुढे शॉक असलेली माउंटन बाइक) घेतली. पुण्यात दर रविवारी सिंहगड असायचा, त्यामुळे चढाचं काही वाटत नाही.

मागच्या शनिवारी मोबाइल दाखवेल तिकडे निघालो. गावाबाहेर एका दगडी भिंतीच्या फाटकाशी एक आजोबा काठी आडवी धरून उभे. म्हणाले, "धिस इज अ फुटपाथ." आता आपल्याला फुटपाथ म्हणजे लक्ष्मी रोडच्या कडेचा, ज्यावर चालायला जागा नसते तो. इथे भोवती मेंढ्या आणि चिखल! मी हसलो, ते आणखी भडकले. शेवटी सायकल ढकलत परत आलो.

तर, सायकल नक्की कुठे चालते? आणि माळ, रान, दरी असं सगळं थोडं थोडं दाखवणारी अर्ध्या दिवसाची फेरी कोणी सांगेल का? गाडी नाहीये माझ्याकडे.

सड्यावरची

आजोबा बरोबर होते रे. इथे फुटपाथ म्हणजे पायी चालणाऱ्यांची हक्काची वाट, मग ती कुणाच्या शेतातून का जाईना. तिच्यावर सायकल नाही. सायकलला हवा ब्रायडलवे, म्हणजे घोड्यांची वाट. १९६८ च्या कायद्याने तिथे सायकलला मुभा मिळाली, पण चालणाऱ्याला आणि घोड्याला आधी वाट द्यायची. खांबावरचा बाण बघायचा: पिवळा म्हणजे पायवाट, निळा म्हणजे घोडवाट. जांभळा आणि लाल दिसला तरी सायकल चालते. मोबाइलवर विसंबू नकोस, त्याला सगळ्या रेघा सारख्याच. ऑर्डनन्स सर्व्हेचा १:२५,००० चा नकाशा घे. त्यावर हिरव्या आखूड तुटक रेघा फुटपाथच्या, लांब तुटक रेघा ब्रायडलवेच्या. मी पहिल्या वर्षी स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावला होता, हळदीचे डाग पडलेत त्याच्यावर.

आता फेरी. मी मूळची राजापूरकडची, इथे अकरा वर्षं झाली. आमच्याकडे गावाच्या डोक्यावर सडा असतो, उघडा, वाऱ्याचा, झाड नाही. पहिल्यांदा इथला मूर, म्हणजे हा उघडा माळ, बघितला तेव्हा मनात तोच शब्द आला. भिंतीसुद्धा आपल्या गडग्यांसारख्याच, चुना-सिमेंट न लावता रचलेल्या. फरक एवढाच की आपल्या सड्याखाली जांभा, पाय ठणकन लागतो. इथे खाली पीट, म्हणजे कुजलेल्या झाडपाल्याची माती. काळं, ओलं, कुजकं, चहाच्या चोथ्यासारखं, आणि किती खोल ते चाक गेल्यावरच कळतं.

शहरातून रिंगिंगलो रोडने वर जा. सलग चढ आहे, पण तू सिंहगडवाला. वर रिंगिंगलोला एक जुनं टोलघर लागतं. नाव 'राउंड हाउस' आणि आहे अष्टकोनी! तिथून जवळच लेडी कॅनिंग्ज प्लँटेशन, पाइनचं लहानसं रान. त्यात सायकलवाल्यांनी वर्गणी काढून खास वाटा बांधून घेतल्यात. निळ्या (मध्यम) दर्जाची 'ब्लू स्टील' २०१६ पासून आहे, लाल (अवघड) दर्जाची 'कुकिंग ऑन गॅस' नंतर आली. आधी निळी दोनदा कर. वळणांना बाहेरून उंच बांध घातलाय, सायकल आपोआप झुकते, ब्रेक लावायचा मोह आवर. (वाटेचा दर्जाही रंगाने सांगतात, त्याचा खांबावरच्या बाणांशी काही संबंध नाही. मी घोटाळा केला होता.)

रानातून बाहेर आलास की हाउंडकर्क रोड. रोड नावापुरता, हा जुना टोलरस्ता आता माळावर एकटाच पडलाय. वाळू, सुटे दगड, मधे उघडे कातळ. ऑगस्टमध्ये जाशील तर दोन्हीकडे हेदरची झुडपं फुललेली, सगळा माळ जांभळा. थेट फॉक्स हाउस पबपाशी उतरशील. तिथून परत फिरताना बर्बेजच्या दरीतली ग्रीन ड्राइव्ह घे. ड्यूक ऑफ रटलंडच्या घोडागाड्यांसाठी केलेली वाट, चढ अगदी सौम्य. डावीकडे हिगर टॉरची टेकडी आणि कार्ल वार्कचा प्राचीन कोट. कडेला गवतात अर्धवट घडवून टाकून दिलेली दगडी जाती दिसतील, माणसाच्या छातीएवढी. गिऱ्हाईक संपलं आणि जिथल्या तिथे राहिली. ते जातंच पुढे इथल्या पीक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानाचं चिन्ह झालं. मी दरवेळी एका जात्यावर बसून डबा खाते.

वर बर्बेज ब्रिजपासून डांबरी रस्त्याने परत रिंगिंगलो. फॉक्स हाउसच्या खाली पॅडले गॉर्ज आहे, ओकचं शेवाळलेलं रान, फार देखणं. पण ती पायवाट. सायकल बाहेर लावून चालत जा.

घाटवेडा_मँचेस्टर

ताई, सिंहगड करणाऱ्याला एवढं सोपं काय देताय? ईडेलला जा मित्रा, जेकब्ज लॅडर उतर. नाहीतर कट गेट. खरी मजा तिथे आहे.

सड्यावरची

घाटवेडादादा, दोन्ही भारी आहेत, पण नव्या माणसाला नकोत. जेकब्ज लॅडर म्हणजे दगडांचा जिना, त्यात शनिवारी चालणाऱ्यांची जत्रा. त्यांना वाट द्यायची म्हणजे दर वळणावर उतरायचं.

आणि कट गेटचं माझ्याकडून ऐका. लँगसेटहून डर्वेंटच्या दरीत जाणारी जुनी व्यापारी वाट. मी एका जानेवारीत गेले. आदल्या आठवड्यात पाऊस, म्हटलं वर थंडीने गोठलं असेल. वरवर गोठलं होतं, पापडासारखं. पुढचं चाक त्या पापडातून आत गेलं ते थेट हबपर्यंत, मी हँडलवरून पुढे. लागलं नाही, मऊच ना सगळं. पण उठताना उजवा पाय वर आला आणि बूट आतच राहिला. कोपरापर्यंत हात घालून शोधला. घरी येऊन मोजे धुतले तर बेसिन तीन दिवस काळं होतं. पुढे वर्गणीतून तिथल्या दलदलीची दुरुस्ती झाली, तरी पावसानंतर आठवडाभर मी जात नाही. चाकाने पीट उकरलं की पाणी त्याच चरातून धावतं आणि वाट रुंद होत जाते.

लीड्सकर

गाडी नाही म्हणून अडत नाही. शेफिल्ड–मँचेस्टर रेल्वे होप व्हॅलीतूनच जाते: ग्रिंडलफोर्ड, हॅदरसेज, बॅमफोर्ड, होप, ईडेल. फक्त डब्यात सायकलींना जागा फार थोडी, जो आधी येईल त्याची. सकाळची पहिली गाडी पकडा.

शांत फेरी हवी असेल तर बॅमफोर्डहून फेअरहोम्सच्या माहिती केंद्रापर्यंत आणि पुढे डर्वेंट-हाउडन जलाशयांना वळसा. वरच्या टोकाला स्लिपरी स्टोन्सचा दगडी पूल आहे, तो मुळात डर्वेंट गावातला. लेडीबोअर धरणात गाव बुडणार म्हणून दगड दगड सोडवून ठेवला आणि १९५९ साली इथे पुन्हा रचला. माझं आजोळ कोयनेच्या पाण्याखाली गेलेलं. आमच्या गावाचं असं काही कुणी उचलून ठेवलं नाही. असो, विषयांतर.

एक प्रश्न: वर चालणारे तर माळावर कुठेही भटकताना दिसतात. मग आपणच का नाही?

सड्यावरची

कारण ते भांडून मिळवलंय. १९३२ साली किंडर स्काउटच्या डोंगरावर लोक मुद्दाम बंदी मोडून चढले, पाच जणांना तुरुंग झाला. मोकळ्या माळावर भटकायचा हक्क कायद्यात आला २००० साली, तोही फक्त पायांना. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने सायकललाही आहे. आपण वाटेवर राहायचं. मार्च ते जुलै माळावरचे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात, तेव्हा तर नक्कीच.

पेडल, एक राहिलं. ब्रेक पॅड कुठले आहेत ते बघ. इथल्या दगडाची वाळू आणि पाणी मिळून पॉलिश पेपर होतो. साधे रेझिनचे पॅड एका ओल्या दिवसात संपलेत माझे. सिंटर्ड, म्हणजे धातूच्या भुकटीचे, घाल. थोडे किंचाळतात, पण टिकतात.

चिंचवडचा_पेडल

ताई, काल जाऊन आलो! ब्लू स्टील तीनदा केली. हाउंडकर्कवर वारा इतका समोरून की उतारालाही पेडल मारावं लागत होतं. जात्यावर बसून थालीपीठ खाल्लं, एक मेंढी अगदी जवळ येऊन बघत राहिली.

परतताना एका फाटकाशी निळा बाण शोधत उभा होतो तर मागून कोणी तरी "मॉर्निंग" म्हणालं. तेच आजोबा, तीच काठी! मी बाणाकडे बोट दाखवलं. त्यांनी बाणाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि फाटक उघडून धरलं.

पॅड मात्र रेझिनचेच होते. शेवटच्या उताराला धातूवर धातू घासल्याचा आवाज येत होता. डिस्कवर चर पडलाय, तो चालेल की बदलावा लागेल?