मदत हवी आहे: बेल्टवाल्या क्रूझरला स्प्रिंगचा टेन्शनर लावावा का?

नमस्कार मंडळी,

माझ्या क्रूझरला मागच्या चाकाला चेनऐवजी दातेरी बेल्ट आहे. मॉडेल मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की चर्चा 'ही कंपनी बरी की ती' यावर जाते आणि मूळ प्रश्न बाजूला पडतो.

तक्रार अशी: एकटा असलो की गाडीचा काही त्रास नाही. मागे कोणी बसलेलं असेल, उतारावर थ्रॉटल सोडून खालच्या गियरवर गाडी आवरत असेन आणि त्यात रस्ता खडबडीत लागला, तर 'टर्रक्' असा आवाज येतो आणि टाचेला हलका झटका जाणवतो. थ्रॉटल दिला की पुन्हा सगळं सुरळीत. आधी गियरबॉक्सवर संशय होता. पण गियर अगदी नीट पडतात, न्यूट्रलही लगेच सापडतो.

तपासलं ते असं. बेल्टचे दात शाबूत आहेत, कडा उसवलेल्या नाहीत, खडा घुसून भोक पडलेलं नाही. मागच्या हबमधले डॅम्पर रबर नवीन टाकलेत. चाकाच्या बेअरिंगला प्ले नाही, पुलीचे बोल्ट टॉर्क पान्याने तपासलेत. फक्त पुढच्या पुलीच्या दातांवर, अगदी टोकांशी, चकचकीत घासल्याची खूण आहे. ताण मॅन्युअलमध्ये लिहिल्याप्रमाणे पाहिला: बेल्ट थंड असताना, गाडी साइड स्टँडवर, थोडी थोडी पुढे सरकवत बेल्टची सगळ्यात घट्ट जागा शोधून, तिथे खालच्या पट्ट्याच्या मध्यावर ४.५ किलोचा दाब देऊन. बेल्ट दिलेल्या मर्यादेतच दबतो.

मूळचं नसलेलं एकच आहे. पाय नीट टेकावेत म्हणून मागचे शॉकॲब्सॉर्बर आखूड लावले आहेत.

मेकॅनिकने बाहेरच्या कंपनीचं टेन्शनर किट सुचवलं आणि ते आता घरी येऊन पडलंय. स्विंगआर्मला (मागचं चाक धरणाऱ्या, वर-खाली हलणाऱ्या दांड्याला) बोल्टने बसणारा छोटा आर्म, त्याला स्प्रिंग, टोकाला सपाट रोलर. हा रोलर खालच्या पट्ट्याला पाठीकडून वर दाबून धरतो. खोक्यावर लिहिलंय, 'पुन्हा कधीही ॲडजस्टमेंटची गरज नाही'. हे वाचूनच मला शंका यायला लागली. कारखान्यातून येणाऱ्या बहुतेक बेल्टवाल्या गाड्यांना हे का नसतं? लावलं तर आवाज जाईल की नुसता दबेल? बेल्टच्या पाठीला उलटा बाक देणं चालतं का? वापरलेलं कोणी असेल तर कृपया लिहा.

नटबोल्ट: आधी एक विचारतो, किटमध्ये आर्मला खाली स्टॉपर आहे का? म्हणजे रोलर ठरावीक अंतराच्या खाली जाऊच नये म्हणून अडवणारा बोल्ट किंवा कडं? नसेल तर खोकं उघडूही नका.

कारण सांगतो. तुम्ही थ्रॉटल देता तेव्हा पुढची पुली बेल्टचा वरचा पट्टा ओढत असते. वरचा ताठ, खालचा सैल. त्या वेळी खालचा रोलर छान काम करतो, कपडे वाळत घालायच्या दोरीला मधे काठी लावून उचलावं तसं. पण थ्रॉटल सोडला की चित्र उलटतं. आता चाक इंजिनला ओढतंय, म्हणजे खालचा पट्टा ताठ आणि वरचा सैल. ताठ झालेला पट्टा सरळ व्हायला बघतो आणि रोलरला खाली ढकलतो. स्प्रिंग दबली की रोलरने धरून ठेवलेली सगळी जादा लांबी वरच्या पट्ट्याकडे जाते. तिथे तिला आवरायला काहीच नाही. मग पुढच्या छोट्या पुलीवर, जिथे मुळात कमी दात गुंतलेले असतात, बेल्ट दात सोडून उडी मारतो.

तुमचा 'टर्रक्' नेमका इंजिन ब्रेकिंगलाच येतो. म्हणजे हे किट जिथे सगळ्यात कमजोर, तिथेच तुमचं दुखणं आहे. चकचकीत टोकंही तेच सांगतात.

सावकाश_चला: माझ्या गाडीला स्प्रिंगचा रोलर आहे आणि बरीच वर्षं काही झालेलं नाही. उगाच घाबरवू नका लोकांना.

नटबोल्ट: @सावकाश_चला, तुमच्या रोलरचा प्रवास किती आहे, हाताने दाबून बघा. चांगल्या किटमध्ये स्प्रिंग कडक असते आणि स्टॉपर दोनचार मिलिमीटरवरच लागतो. तसं असेल तर तो जवळजवळ पक्क्या आयडलरसारखाच (एका जागी घट्ट बसवलेल्या, बेल्टला टेकून नुसत्या फिरणाऱ्या पुलीसारखाच) वागतो, आणि पक्क्या आयडलरला माझा विरोध नाही. ब्युएल या अमेरिकी कंपनीच्या एक्सबी मालिकेतल्या गाड्यांत कारखान्यातूनच पक्की आयडलर पुली होती आणि बेल्ट ॲडजस्ट करायची सोयच नव्हती. पण ती पुली कुठे बसवायची हे स्विंगआर्मची सगळी हालचाल हिशेबात धरून ठरवलं होतं, म्हणून चाक वर-खाली झालं तरी बेल्टचा मार्ग साधारण तेवढ्याच लांबीचा राहायचा. ही अक्कल सगळ्यांना बसणाऱ्या किटमध्ये कुठून येणार?

तिरकी_रेघ: सगळे रोलरवर बोलताय, पण धागाकर्त्याने उत्तर स्वतःच लिहून ठेवलंय. आखूड शॉकॲब्सॉर्बर!

गियरबॉक्सचा आउटपुट शाफ्ट (ज्यावर पुढची पुली बसते) आणि स्विंगआर्मचा पिव्हट (ज्याभोवती तो वर-खाली फिरतो) हे बहुतेक गाड्यांत एका जागी नसतात, शाफ्ट थोडा पुढे असतो. त्यामुळे चाक वर-खाली झालं की दोन पुल्यांमधलं अंतर बदलतं. शाफ्ट, पिव्हट आणि एक्सल (मागच्या चाकाचा आस) एका रेषेत आले की ते अंतर सगळ्यात जास्त, म्हणजे बेल्ट सगळ्यात घट्ट. रेषेच्या वर गेलात काय किंवा खाली, बेल्ट सैलच होणार.

आकड्यात सांगतो. समजा शाफ्ट ते पिव्हट ८० मिमी आणि पिव्हट ते एक्सल ५५० मिमी. रेषेत असताना पुल्यांमधलं अंतर ६३० मिमी. स्विंगआर्म रेषेपासून ५ अंश कलला तर ते ०.३ मिमीने कमी होतं. १० अंशांना सुमारे १ मिमी, १५ अंशांना जवळजवळ २.४ मिमी. आणि अंतरातल्या १ मिमीमागे बेल्टला २ मिमी ढिलाई मिळते, कारण पट्टे दोन. ॲरामिड किंवा कार्बनच्या दोऱ्यांचा बेल्ट जवळजवळ ताणलाच जात नाही, त्यामुळे एवढासा फरकही त्याला पुष्कळ होतो.

आता मूळ शॉकॲब्सॉर्बरवर गाडी उभी असताना एक्सल रेषेच्या बराच खाली असतो. कारखान्याने दिलेला ताण त्या स्थितीचा आहे, आणि माणूस बसल्यावर बेल्ट आणखी घट्ट होणार हे त्यात धरलेलं आहे. तुमची गाडी मात्र रिकामी असतानाच रेषेजवळ आली असणार. तुम्ही तोच आकडा बेल्टच्या सगळ्यात घट्ट स्थितीत लावलात. इथून पुढे तो फक्त सैलच होऊ शकतो. मागे माणूस बसला, खड्डा आला, एक्सल रेषेच्या वर गेला, त्यात थ्रॉटल बंद. टर्रक्.

धागाकर्ता: बाप रे. एकट्याने चालवताना आवाज का येत नाही याचा उलगडा आता होतोय. पण मग ताण किती ठेवायचा? आखूड शॉकॲब्सॉर्बरसाठी मॅन्युअलमध्ये आकडा नाही आणि ते विकणाऱ्याने तर कागदही दिला नव्हता.

तिरकी_रेघ: मूळचे शॉकॲब्सॉर्बर जपून ठेवलेत ना? मग आकड्याची गरजच नाही. जुने चढवा, साइड स्टँडवर मॅन्युअलप्रमाणे ताण लावा, एक्सल पक्का करा. मग एक्सलला हात न लावता आखूड परत बसवा. रेषेत आल्यावर बेल्ट कारखान्याने धरला होता तेवढाच घट्ट होईल.

फक्त एक लक्षात घ्या. तुमची गाडी आता दिवसभर रेषेच्या आसपासच चालणार, म्हणजे बेल्टवर आणि आउटपुट शाफ्टच्या बेअरिंगवर सरासरी ताण मूळ गाडीपेक्षा जास्त पडणार. म्हणून मर्यादेच्या सैल टोकाला ठेवा. वेगात असताना सूं असा बारीक आवाज यायला लागला तर जास्त ताणलंय असं समजा. आणि जुने उतरवलेच आहेत तर नवे बसवायच्या आधी, चाकाखाली जॅक घेऊन स्विंगआर्म हळूहळू वर-खाली करून बघा. बोटाने बेल्ट दाबत राहा. घट्ट जागा नेमकी कुठे येते ते हाताला लगेच कळतं.

जुनं_खोड: उलट्या बाकाबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. बेल्ट गाडीवरून काढलेला असताना पाठीकडे दुमडू नका, हे मॅन्युअल बजावून सांगतं, कारण आतल्या दोऱ्या मोडतात. रोलरवरून थोडासा उलटा जाणं वेगळं, तेवढं बेल्ट सोसतो, पण रोलर मोठा हवा. निदान पुढच्या पुलीएवढा तरी असावा आणि पृष्ठभाग सपाट. बऱ्याच किटमध्ये रोलर लिंबाएवढे असतात. चाकाच्या साधारण दोन फेऱ्यांत अख्खा बेल्ट त्यावरून उलटा वाकून जातो, लांबच्या प्रवासात असे किती बाक होतात हिशेब करा. शिवाय तो खाली, चिखलपाण्यात. सीलबंद बेअरिंग असलं तरी खराब होणारच, आणि अडकलेला रोलर बेल्टची पाठ सोलून काढतो. हार्लेने १९८० मध्ये स्टर्जिस ही गाडी बेल्टवर आणली तेव्हापासून त्यांचे मागचे बेल्ट एक्सल सरकवूनच ताणले जातात. रोलर लावायला त्यांना काय कोणी अडवलं होतं?

सावकाश_चला: बघितलं. माझ्या रोलरला स्टॉपर आहे आणि आर्म जेमतेम हलतो. नटबोल्ट म्हणतात ते बरोबर. माघार.

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. किट तपासलं. स्टॉपर नाही, आर्म हाताने सहज बोटभर खाली जातो आणि रोलर पुढच्या पुलीच्या निम्मासुद्धा नाही. परत पाठवतोय. जुने शॉकॲब्सॉर्बर माळ्यावरून काढलेत, सुट्टीच्या दिवशी चढवतो. एक शेवटचं: दाबून मोजण्याऐवजी बेल्टला टिचकी मारून मोबाइलवर आवाजाची वारंवारता मोजतात, त्याचा इथे उपयोग होईल का?

तिरकी_रेघ: होईल. सारख्या लांबीचा मोकळा पट्टा असला तर ताण वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. वारंवारता १० टक्के वाढली तर ताण २१ टक्के वाढला. त्यामुळे दाबून न कळणारा फरकही त्यात दिसतो. पण तुमच्या मॅन्युअलमध्ये आकडा दबण्याचा आहे, म्हणून जुने शॉकॲब्सॉर्बर असताना ताण दाबूनच लावा. आखूड बसवून झाले की गाडी साइड स्टँडवर घ्या, खालच्या पट्ट्याला मध्यावर टिचकी मारा आणि येणारा आकडा लिहून ठेवा. इंजिन बंद, बेल्ट थंड, चाकावर एक खूण करून बेल्टची तीच घट्ट जागा. पुढच्या सर्व्हिसला तोच आकडा बघायचा, पुन्हा जुने चढवायला नकोत. आणि पुढची पुली बदलायचं मनात असेल तर आधी तिच्या दातांच्या टोकांवरून नख फिरवून बघा. नुसती चमक असेल तर चालेल, पण कड नखाला अडकली तर नवा ताण लावायच्या आधीच पुली बदला.