मदत हवी आहे: बेळगावला बदली, आठवीसाठी शाळा सुचवा (घाई आहे)

वळीव
मिस्टरांची बदली बेळगावला झाली आहे. १ जूनला रुजू व्हायचंय. लेकरू आठवीत जाणार. बेळगावात चांगली शाळा कोणती? नेटवर बघितलं तर प्रत्येक शाळा स्वतःला सर्वोत्तम म्हणते, त्यातून काही कळत नाही. ज्यांची मुलं तिथे शिकली आहेत त्यांनी सांगा. फी अवाच्या सवा नको, शिकवणं मात्र नीट हवं. आम्ही येत्या शनिवारी येतोय, त्याआधी दोन-तीन नावं मिळाली तर बरं होईल.

काँग्रेसरोड
सेंट पॉल्स, कॅम्प. दुसरा विचारच करू नका. १८५६ ची शाळा आहे, मी तिथलाच. मैदान बघाल तर तिथंच बसून राहाल. इंग्रजी पक्कं होतं, फुटबॉल होतो, शिस्त लागते. तिथं नाही जमलं तर राष्ट्रीय मिलिटरी स्कूल आहे. बेळगावात राहून ते सोडून दुसरीकडं कशाला जायचं?

कडोली
मिलिटरी स्कूलला सहावी आणि नववीलाच घेतात, तेही प्रवेश परीक्षा देऊन. आठवीला नाही. वळीवताई, आधी एवढं सांगा: मुलगा का मुलगी? आत्ता बोर्ड कुठलं, माध्यम कुठलं? घर कुठं घेताय? हे कळल्याशिवाय नावं सांगून काय होणार?

वळीव
मुलगी आहे. महाराष्ट्र बोर्ड, मराठी माध्यम, सेमी इंग्रजी (गणित आणि विज्ञान इंग्रजीतून). सध्या चिंचवडला राहतो. घर सदाशिवनगरला बघितलंय, अजून पक्कं नाही. मिस्टरांचं काम उद्यमबागेत. आता कृपया नावं सांगा.

काँग्रेसरोड
मुलगी असेल तर सेंट पॉल्स नाही, ती मुलांची शाळा. मग कॅम्पातलं मुलींचं कॉन्व्हेंट बघा.

उद्यमबाग_लेथ
ताई, शाळेच्या आधी घराचं बघा. सदाशिवनगर शहराच्या त्या टोकाला, उद्यमबाग या टोकाला. साहेबांचं रोज सगळं शहर ओलांडणं होणार. टिळकवाडी, भाग्यनगर, अनगोळ या बाजूला घर घ्या. मराठी शाळाही तिकडंच जास्त आहेत. आणि घर बघताना शाळा रेल्वे गेटच्या कुठल्या बाजूला येते तेही बघा. सकाळी दुसरं गेट पडलं की पोरं सायकली धरून उभी असतात आणि तिकडं प्रार्थना सुरू झालेली असते.

हिंडलग्याची_मावशी
घर घेताना २४ तास पाण्याच्या वॉर्डात येतं का तेही विचारा. २००८ मध्ये बेळगावातल्या १० वॉर्डांत ती योजना आधी झाली. बाकी ठिकाणी घरमालक "पाणी भरपूर" म्हणतो, पण किती दिवसांनी येतं ते सांगत नाही. भाडेकरार करायच्या आधी शेजारणीला विचारायचं, मालकाला नाही.

कडोली
मावशी, शाळेचं चाललंय.

निवृत्त_शिक्षिका
वळीव, मी बेळगाव शहरातल्या मराठी हायस्कुलात बरीच वर्षं शिकवलं. जरा सविस्तर लिहिते, घाई असली तरी वाचा.

पहिली गोष्ट तुमच्या फायद्याची आहे. कर्नाटकात हायस्कूल आठवीपासून सुरू होतं. महाराष्ट्रात पाचवीपासून मुलं एकाच हायस्कुलात असतात, इथे सातवीनंतर बहुतेक मुलं शाळा बदलतात. त्यामुळे आठवीत सगळेच नवीन असतात, तुमची मुलगी एकटी पडणार नाही. जागाही असतात. हेच तुम्ही नववीत आला असता तर मी काळजीत पडले असते.

दुसरी गोष्ट कन्नड. तुम्ही ती विचारलीच नाही, आणि खरी अडचण तीच आहे. २०१५ च्या कायद्यापासून राज्यात कन्नड शिकणं टाळता येत नाही, शाळा कुठल्याही माध्यमाची असो. इथली मुलं पहिलीपासून कन्नड अक्षरं गिरवत आलेली असतात. तुमच्या मुलीला तीन वर्षांत शून्यापासून दहावीपर्यंत यायचंय. होतं, मी मुलींना करताना पाहिलंय. पण ऑगस्टमध्ये चाचणीचे गुण बघून शिकवणी शोधायला निघाल तर उशीर होतो. आजपासून लिपी सुरू करा. स्वर, व्यंजनं आणि काना-मात्रा मे महिन्यात झाल्या तर जूनमध्ये तिला फळ्यावरचं निदान वाचता येईल.

शाळेत गेल्यावर पहिला प्रश्न हा विचारा: दहावीला कन्नड कितवी भाषा म्हणून असेल? एसएसएलसी, म्हणजे इथली दहावीची परीक्षा, ६२५ गुणांची असते. पहिली भाषा १२५ ची, बाकी पाच विषय १०० चे. पहिली, दुसरी आणि तिसरी भाषा यांची पुस्तकं वेगवेगळी आणि काठिण्यही वेगळं. मराठी माध्यमात मराठी पहिली भाषा घेता येते, म्हणजे १२५ गुण तिच्या स्वतःच्या भाषेत. इंग्रजी माध्यमाच्या काही शाळांत पहिल्या भाषेला कन्नडच घ्यावं लागतं. तिथे ही मुलगी विनाकारण भरडली जाईल.

तुम्ही कन्नड येतं का हे लिहिलं नाहीत. घरात कुणाला येतं?

वळीव
मला नाही येत. मिस्टरांना बोलता येतं, वाचतातही. बरं, मराठी माध्यमातल्या शाळांची नावं सांगाल का?

निवृत्त_शिक्षिका
टिळकवाडीच्या बाजूला मराठी विद्यानिकेतन, ठळकवाडी हायस्कूल. कॅम्पाकडे बी. के. मॉडेल. शहापूरला घर घेतलंत तर तिकडचं चिंतामणराव. यातली कुठली सगळ्यात चांगली ते मी सांगणार नाही. दरवर्षी शिक्षक बदलतात, आणि चांगली शाळा म्हणजे शेवटी गणिताला आणि विज्ञानाला कोण आहे हेच. जाल तेव्हा आठवीचे गणिताचे शिक्षक कोण ते विचारा आणि त्यांच्याशी पाच मिनिटं बोला. इमारत बघण्यात वेळ घालवू नका.

निपाणीकर
बाईंचा आदर आहे, पण मी स्पष्ट सांगतो. इंग्रजी माध्यमातच घाला. दहावीनंतर पीयूसी (इथली अकरावी-बारावी) सायन्स इंग्रजीतूनच आहे. माझा पुतण्या मराठी माध्यमातून दहावीला उत्तम गुणांनी पास झाला आणि पीयूसीला पहिले सहा महिने वर्गात नुसता बसून होता. फिजिक्सचं पुस्तक समोर, आणि शब्दच ओळखीचे नाहीत. पोरगा रात्री जेवायचा नाही. सीबीएसई मिळालं तर त्याहून बरं, उद्या परत बदली झाली तरी अडत नाही.

खानापूरचा
मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात, मग पीयूसी सायन्स, मग इंजिनिअरिंग. सहा महिने जड गेले, खरं आहे. सातव्या महिन्यापासून मी आणि कॉन्व्हेंटची पोरं सारखीच. आणि या ताईंची मुलगी सेमीची आहे, गणित-विज्ञानाचे इंग्रजी शब्द तिला ठाऊकच आहेत. तुमच्या पुतण्याचं उदाहरण तिला लागू कसं होणार?

निपाणीकर
सेमी ही महाराष्ट्रातली सोय. बेळगावच्या मराठी शाळेत ती मिळेलच असं नाही. मग तीन वर्षं गणित मराठीतून आणि पुन्हा पीयूसीला इंग्रजीतून. दोनदा बदल. त्यापेक्षा एकदाच.

निवृत्त_शिक्षिका
निपाणीकर, हा मुद्दा बरोबर आहे. वळीव, विज्ञान-गणित इंग्रजीतून देता का, हा दुसरा प्रश्न शाळेला विचारा. नसेल तर घरी समांतर इंग्रजी पुस्तक ठेवा. कर्नाटकाची नववी-दहावीची गणित-विज्ञानाची पुस्तकं एनसीईआरटीवर बेतलेली आहेत. मराठी पुस्तकाशेजारी एनसीईआरटीचं इंग्रजी पुस्तक उघडून ठेवलं की धडा धड्याला जुळतो. मी मुलांना हेच सांगत असे.

खानापूरचा
सीबीएसईचंही सांगतो. लोक केंद्रीय विद्यालय म्हणतील. तिथं केंद्र सरकारी नोकरांच्या मुलांना आधी प्राधान्य, खासगी नोकरीवाले शेवटी. त्या आशेवर जून घालवू नका. मराठी शाळांचे वर्ग पटाअभावी बंद पडत चाललेत, त्याचं कुणाला काही नाही. आम्हीच आमची पोरं घालायची नाहीत आणि मग मोर्चे काढायचे. मला हे सहन होत नाही.

निपाणीकर
एका मुलीच्या खांद्यावर चळवळ ठेवू नका. आई शाळा विचारतेय.

खानापूरचा
चळवळ नाही. तिचा फायदा कशात आहे तेच सांगतोय, १२५ गुण मराठीत.

बारावीचा_बाप
आठवीचं चाललंय, पण बारावीचं आत्ता बघा. आम्ही उशिरा बघितलं आणि फार ओढाताण झाली. केसीईटीमधून (कर्नाटकाची प्रवेश परीक्षा) इंजिनिअरिंगची सरकारी कोट्यातली जागा हवी असेल तर मुलानं पहिली ते बारावीत किमान ७ वर्षं कर्नाटकात शिकलेलं असावं लागतं, आणि दहावी किंवा बारावी इथून पास. तुमची मुलगी आठवी ते बारावी धरली तरी ५ वर्षंच होतात. म्हणजे त्या नियमात ती बसत नाही. महाराष्ट्राच्या सीईटीला गेलात तर तिथं दहावी-बारावी महाराष्ट्रातून लागते. दोन्हीकडून लटकाल. मी म्हणेन दहावीपर्यंत मुलीला चिंचवडलाच ठेवा, आजी-आजोबा असतील तर.

वळीव
हे वाचून पोटात गोळा आला. आजी-आजोबा चिंचवडला नाहीत, ते नंदगडला असतात. मिस्टर तिथलेच. मुलीला एकटं ठेवणं शक्य नाही.

खानापूरचा
थांबा. नंदगड म्हणजे आमच्या खानापूर तालुक्यातलं? साहेबांचं शिक्षण कुठं झालं?

वळीव
दहावीपर्यंत नंदगडला, बारावी बेळगावला. मग डिप्लोमा आणि नोकरी पुण्याला. त्याचा मुलीच्या शाळेशी काय संबंध?

खानापूरचा
फार मोठा संबंध आहे की! केसीईटीमध्ये दुसरं कलम आहे. आई किंवा वडील यांपैकी एक जण कर्नाटकात किमान ७ वर्षं शिकलेला असेल आणि मुलानं अकरावी-बारावी कर्नाटकात करून पास केली असेल, तर चालतं. साहेब पहिलीपासून बारावीपर्यंत इथंच शिकलेत. तुमचा प्रश्न सुटला. नंदगडच्या शाळेतून त्यांच्या शिक्षणाचा दाखला आत्ताच काढून ठेवा, त्यावर बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसची सही घ्या. जुनी रजिस्टरं शोधायला वेळ लागतो. मुलगी बारावीला असताना त्या धावपळीत पडू नका.

बारावीचा_बाप
वडील इथलेच शिकलेले असतील तर माझं म्हणणं मागे. मग खुशाल आणा मुलीला.

कडोली
आणि महाराष्ट्राचाही रस्ता बंद नाही. महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग प्रवेशात सीमाभागातल्या मराठी भाषक मुलांसाठी वेगळा प्रकार आहे, वादग्रस्त ८६५ गावांतल्या रहिवाशांसाठी. आमच्या गावची मुलं त्यातून कोल्हापूर-सांगलीला गेलीत. त्यासाठी रहिवासाचे कागद लागतात. आजोबांचं रेशनकार्ड, घराचा उतारा जपून ठेवा.

वळीव
खूप धन्यवाद. हे कुठेच वाचायला मिळालं नसतं. रात्री मिस्टरांशी बोलले. घर आता टिळकवाडी किंवा भाग्यनगरला बघतोय, माध्यम मराठी. मिस्टरांनी तिला आजपासून कन्नड अक्षरं शिकवायला घेतली आहेत. प्रवेशाला कागद काय लागतील? चिंचवडची शाळा १५ जूनला उघडते, त्याआधी दाखला मिळेल का याची धास्ती आहे.

निवृत्त_शिक्षिका
कर्नाटकातल्या शाळा मेअखेरीस किंवा जूनच्या पहिल्या दिवसांत उघडतात. महाराष्ट्राच्या हिशोबाने थांबलात तर तिचे दोन आठवडे बुडतील. मुख्याध्यापकांना आजच फोन करा, सुट्टीतही कार्यालयात कुणीतरी असतं. शाळा सोडल्याचा दाखला, सातवीचं प्रगतिपत्रक, आधार, जन्मदाखला, जातीचा दाखला असेल तर तो. परराज्यातला दाखला असल्यामुळे त्यावर तिकडच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घ्या, नाहीतर इथून परत पाठवतील. तिचा तिकडचा यूडायस पेन नंबर (सरकारी नोंदीतला विद्यार्थी क्रमांक) प्रगतिपत्रकावर नसेल तर लिहून घ्या. इकडे एसएटीएसमध्ये (कर्नाटकाची ऑनलाइन विद्यार्थी नोंद) नाव चढवताना विचारतात.

हिंडलग्याची_मावशी
एक सांगते. इथं मोठी सुट्टी दसऱ्याला मिळते, दिवाळीला मोजकेच दिवस. माहेर महाराष्ट्रात असेल तर भाऊबीजेचं तिकीट काढायच्या आधी शाळेचं कॅलेंडर बघा. माझ्या सुनेला पहिल्या वर्षी फार वाईट वाटलं होतं.

निपाणीकर
मराठी माध्यम ठरवलंत, ठीक. पण माझं एक ऐका. इंग्रजीची शिकवणी आठवीपासूनच लावा, दहावीची वाट बघू नका.

वळीव
लावते. निपाणीकर काका, तुमचा पुतण्या आता काय करतो?

निपाणीकर
बीएस्सी, आरपीडी कॉलेजला. पीयूसीचं दुसरं वर्ष चांगलं गेलं त्याचं.

वळीव
बरं वाटलं. शनिवारी टिळकवाडीतल्या दोन्ही शाळा बघते. निवृत्त शिक्षिका, मराठीतून समजावत कन्नडची शिकवणी घेणाऱ्या कुणी बाई आहेत का त्या बाजूला? मिस्टरांना शिफ्ट असते, रोज जमणार नाही.

निवृत्त_शिक्षिका
आहेत. नाव इथे लिहीत नाही, निरोपात पाठवते. त्या स्वतः मराठी शाळेत कन्नड शिकवत होत्या, त्यामुळे मराठी मुलं कुठे अडतात ते त्यांना ठाऊक आहे. शनिवारी येताना मुलीला सोबत आणा, त्यांना तिला एकदा वाचायला लावून बघायचं असतं.