केवा आणि कवाना: मराठीत काय म्हणावं?

अर्धविराम: ज्यू उपासनेवरच्या एका लेखाचं भाषांतर करतेय. विषय असा की, सुरुवातीचा उत्साह ओसरल्यावरही साधना टिकते कशी. त्यात दोन हिब्रू शब्द सारखे येतात. केवा म्हणजे ठरलेलं, रोजचं: दिवसातून तीन प्रार्थना, ठरल्या वेळी, ठरल्या शब्दांत. कवाना म्हणजे ते शब्द म्हणताना मन तिथं असणं. मी 'कर्मकांड' आणि 'भक्तिभाव' लिहिलंय, पण खटकतंय.

ओसरी: 'कर्मकांड' काढाच. मराठीत ती आता जवळजवळ शिवी आहे, केवा तसा नाही. 'पिर्के आवोत' या जुन्या ज्यू गुरूंच्या वचनसंग्रहात शम्माय बजावतो, तोरेचा, म्हणजे धर्मग्रंथाचा, अभ्यास केवा कर. पुढच्याच अध्यायात रब्बी शिमोन सांगतात, प्रार्थना केवा करू नकोस, ती विनवणी असू दे. म्हणजे एकच शब्द अभ्यासाला भूषण आणि प्रार्थनेला दूषण! 'दाफ योमी' बघा. रब्बी मेइर शापिरो यांनी 1923 साली व्हिएन्नात मांडलेली कल्पना: तालमूदचं, म्हणजे ज्यू धर्मनियमांवरच्या चर्चांच्या प्रचंड ग्रंथाचं, रोज एक पान, जगभर सगळ्यांचं तेच. 2,711 पानं, सुमारे साडेसात वर्षं. त्यातली किती पानं वाचताना अंगावर काटा येत असेल? बरीचशी हद्दीचे, नुकसानभरपाईचे वाद घालणारी. तरी लोक वाचतात, संपलं की पुन्हा पहिल्यापासून.

शेवगा: 'भक्तिभाव'ही पसरट वाटतो. कवानाच्या धातूत रोख आहे, दिशा आहे. आजच्या हिब्रूत बंदूक रोखायला आणि घड्याळ लावायला त्याच धातूचं क्रियापद वापरतात. मिश्नात, म्हणजे ज्यू धर्मनियमांच्या प्राचीन संग्रहात, जुन्या भक्तांबद्दल आहे की, ते प्रार्थनेआधी तासभर नुसते थांबत, मन देवाकडे लागावं म्हणून. मध्ययुगातला मोठा ज्यू धर्मशास्त्री मैमोनिदीस, त्यानं तर सांगून टाकलं की, कवाना नसेल तर ती प्रार्थनाच नव्हे, पुन्हा म्हणा. पण सोळाव्या शतकात पोलंडमधल्या क्राकोच्या रब्बी मोझेस इस्सरलेसनी काय लिहावं? हल्ली पुन्हा म्हणायला लावत नाहीत, कारण दुसऱ्यांदाही मन लागण्याची शक्यता कमीच! हे मला फार आवडतं. माणूस कसा आहे ते ओळखून केलेला नियम.

साळाव: मग 'नेम' का नको? नेमाने करतो तोही नेम, नेम धरतो तोही नेम. केवा आणि कवाना दोन्ही एकाच शब्दात.

अर्धविराम: सुचलं छान, पण वाक्यात बसवून बघा. 'नेमात नेम हवा.' वाचणारा चक्रावेल.

ओसरी: केवाला 'नेम' ठेवा, कवानाला 'चित्त'. 'प्रार्थनेत चित्त नव्हतं' हे कुणालाही कळतं. आणि लेखाचा सूर 'नुसता नेम फुकाचा' असा होऊ देऊ नका. आपल्या कोकणातल्या मराठी ज्यूंचं, बेने इस्रायलींचं, उदाहरण आहे. बाकीच्या हिब्रू प्रार्थना विस्मरणात गेल्या, पण शमा उरली. सुंता असो की लग्न, तीच म्हणायची. शनिवारी तेलाचा घाणा बंद, म्हणून गावानं नाव ठेवलं शनवार तेली. ग्रंथ हाताशी नसताना पिढ्यानपिढ्या तग धरला तो नेमानं. चित्त रोज लागत होतं की नाही, ते कोण सांगणार?

साळाव: मान्य. फक्त 'चित्त' थोडं योगासनाच्या वर्गातलं वाटतं. 'मन लावून', 'मनापासून' असं वाक्यागणिक बदलत गेलात तरी चालेल.

अर्धविराम: तसंच करते. आणखी एक: 'हेशबोन हनेफेश'. एलूल महिन्यात, नव्या वर्षाआधी, स्वतःला तपासणं. 'आत्मपरीक्षण' लिहू?

शेवगा: 'हिशेब' सोडू नका! आपला हिशेब अरबीतून आलाय, हेशबोन त्याचाच सख्खा भाऊ. इस्रायलमध्ये हॉटेलातलं बिलही हेशबोनच. 'जिवाचा हिशेब' लिहा.