'सर्व्हिंग साइज'ला मराठीत काय म्हणायचं?

पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात 'सर्व्ह साइज ३० ग्रॅम' असं असतं ना, त्याला मराठी शब्द हवाय. झालं असं की बाबांना बीपी आहे, डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय, तर ते शेवेचं पाकीट उलटं करून भिंगातून वाचत होते आणि म्हणाले सोडियम १२ टक्केच आहे, चालेल की. पाकीट २०० ग्रॅमचं, १२ टक्के होते एका सर्व्हचे म्हणजे ३० ग्रॅमचे आणि अर्धं पाकीट दुपारच्या चहाबरोबर संपलेलं! शेजारच्या रकान्यात १०० ग्रॅमला ८०० मिलिग्रॅम लिहिलेलं, लेबलवर दिवसाचे २००० धरतात (म्हणजे ५ ग्रॅम मीठ), तर ४० टक्के तिथेच गेले. समजावायला गेले तर मला शब्दच सापडेना. 'वाढप' म्हणू का?

---

वाढप नको ताई, वाढप म्हणजे वाढायचं काम, पंगतीत वाढपी करतात ते. 'वाढणी' बघा, पाककृतीत लिहितोच की आपण, वाढणी चार जणांसाठी.

---

वाढणी शब्द छान आहे पण इथे घोळ होईल. आई माणूस बघून वाढते, शेतावरून आलेल्याला वेगळं, तापातून उठलेल्याला वेगळं, म्हणजे वाढणी ही ताटात खरोखर पडते ती, इंग्रजीत पोर्शन म्हणतात ते. लेबलवरची सर्व्हिंग हा नुसता हिशेबासाठी धरलेला आकडा आहे, 'एवढं खा' असा सल्ला नाही. अमेरिकेत तर नियमच आहे की लोक एका बैठकीला साधारण किती खातात त्यावरून सर्व्हिंग ठरवायची, किती खावं त्यावरून नाही. म्हणूनच २०१६ मध्ये तिथले नियम बदलले तेव्हा आइस्क्रीमची सर्व्हिंग अर्ध्या कपावरून दोन तृतीयांश कप झाली, लेबलवरच्या कॅलरी वाढल्या, आइस्क्रीम होतं तेच.

'मात्रा' पण नको, मात्रा म्हटलं की वैद्यांनी दिलेलं औषध वाटतं, तेवढंच घ्यायचं. मी तर 'माप' म्हणेन. दूध मापाने घालतात, तांदूळ मापाने मोजतात, नवी नवरी ओलांडते तेही मापच. एक माप ३० ग्रॅम, पाकिटात मापं साडेसहाच्या वर, तुम्ही किती घेतलीत ते तुम्ही मोजा.

---

पण 'मापात राहा' म्हणतो की आपण, मर्यादेचा अर्थ त्यातही आलाच ना?

---

तो 'मापात'मुळे येतो हो. 'दोन मापं तांदूळ घे' यात कुठे आहे मर्यादा?

---

सगळ्यांचे मनापासून आभार. आज काट्यावर ३० ग्रॅम शेव मोजून आमटीच्या वाटीत ओतली, वाटी पाऊणच भरली. बाबांसमोर ठेवली आणि म्हटलं हे एक माप, १२ टक्के याचे. ते थोडा वेळ वाटीकडे बघत राहिले मग म्हणाले, म्हणजे त्या दिवशी मी तीन मापांच्या वर खाल्ली. पुढचं काही सांगावंच लागलं नाही, मला तर हाच शब्द पटला. फक्त बिस्किटाच्या पुड्यावर सर्व्ह म्हणजे दोन-तीन बिस्किटं असतात, तिथे 'एक माप बिस्किटं' जिभेवर बसत नाही. तिथे काय म्हणाल?